पहिल्या बेसमागच्या खुर्च्या

“आई, तो कोपरा जरा धरा हो,” मुकुंद म्हणाला. आईने कोपरा धरण्याऐवजी त्यावर तुरीच्या डाळीचा डबा ठेवला आणि चष्मा पुसून ती नकाशावर वाकली.

जेवणाच्या टेबलावर पाच-सहा राज्यं पसरली होती. मुकुंदच्या तोंडात पिवळ्या हायलायटरचं टोपण होतं. बोलायचं झालं की तो ते काढून नकाशावर ठेवी आणि बोलून झालं की पुन्हा तोंडात घाली. मिशिगन सरोवरात थुंकीचा एक गोल डाग पडला होता.

“हे आपलं कोलंबस. इथून वर क्लीव्हलंड. मग डेट्रॉइट. मग खाली सिनसिनाटी, पुन्हा वर शिकागो, मिलवॉकी आणि घर. पाच गावं, पाच बेसबॉलची मैदानं! इथले लोक जन्मभर नुसते बेत करतात. आपण एका दमात करणार.”

“पण त्या त्या गावात नेमकी त्याच दिवशी मॅच असेल?” आईने विचारलं.

“हा खरा प्रश्न विचारलात!” मुकुंद खूश झाला. “टीम कधी घरी असते, कधी बाहेरगावी. सगळ्यांची वेळापत्रकं जुळवत बसावं लागतं. ह्या तुमच्या लेकीला विचारा, महिनाभर मी दुसरं काही केलं नाहीये.”

ते खरं होतं. भांडीही मीच घासत होते.

मी पिवळी रेघ बघत होते. क्लीव्हलंड, डेट्रॉइट इथपर्यंत ती शहाण्यासारखी चालली होती. मग एकदम खाली येऊन, आमच्या घराच्या शेजारून जाऊन, पुन्हा वर चढत होती.

“सिनसिनाटी मध्येच कुठे?” मी विचारलं. “ते तर आपल्या दाराशी आहे. कुठल्याही रविवारी जाऊन येता येईल. डेट्रॉइटहून सरळ शिकागो धर ना. निम्मा दिवस वाचेल.”

“टीम तेव्हाच घरी आहे,” तो म्हणाला आणि टोपण तोंडात गेलं.

“मोटेलं ठरवलीस?”

टोपण बाहेर आलं. “मोटेल कशाला? गावोगाव आपली मराठी माणसं आहेत.”

आईने मान वर केली. “लोकांच्या घरी तिघांनी असं जाऊन पडायचं, मुकुंदराव?”

“पडायचं काय, आई! वाट बघतायत सगळे. भारतातून कुणाची आई आली म्हटलं की उड्या मारतात इथे.”

आई हसली. तिला जायचं होतं. सहा महिन्यांसाठी आली होती आणि त्यातला शेवटचा महिना चालू होता. नायगारा, न्यूयॉर्क वगैरे तिने शिस्तीत पाहिलं होतं. पण मनापासून तिला आवडलं होतं ते आमच्या तळघरातल्या टीव्हीवरचं बेसबॉल. ती सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. कसोटी सामन्याच्या दिवसांत लोक ट्रंक कॉल लावायच्या निमित्ताने ऑपरेटरला स्कोअर विचारत, आणि आई कानाला हेडफोन, समोर बारका ट्रान्झिस्टर ठेवून सबंध गावाला स्कोअर सांगे. बेसबॉलचे नियम, चेंडू मारून झाल्यावर ज्यांना शिवत धावायचं त्या चार बेसांसकट, तिने मुकुंदकडून आठवड्याभरात समजून घेतले होते.

“मला एकदा समोर बसून बघायचंय,” ती म्हणाली. “टीव्हीवर फेकणारा दिसतो, मारणारा दिसतो, पण मधला चेंडू काही दिसत नाही.”

“दाखवतो ना, आई! शब्द माझा,” मुकुंद म्हणाला.

*

निघायच्या दिवशी सकाळी मी डिकीत बॅगा लावत होते. थंड पेयांच्या पेटीमागे काही तरी जड, टोचणारं लागलं. आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात पुरणयंत्र गुंडाळून ठेवलेलं होतं. ते हाताने फिरवायचं, दांड्याचं. येताना तिने ते सांगलीहून आणलं होतं, मुकुंदनेच फोनवर मागितलं म्हणून. शेजारी पोलपाट-लाटणंही होतं.

मला हसू आलं. आईला कुणाकडे रिकाम्या हाताने जाणं जमत नाही. मी कापड नीट खोचलं आणि डिकी लावली.

माझं त्या वेळचं काम दुधाच्या तपासणीचं होतं. नासलेलं, फाटलेलं, तार सुटलेलं दूध मी दिवसभर हुंगत असे आणि नाकपुडी हलू देत नसे. किळस हा शब्द आमच्या प्रयोगशाळेत कुणी वापरत नाही. काय वाढलंय, किती वाढलंय आणि कुठून आलंय एवढंच विचारायचं. त्या प्रवासात ते विचारायचं मला सुचलं नाही.

क्लीव्हलंडला आम्ही टिपणीसांकडे उतरलो. धनंजय टिपणीस मुकुंदच्या जुन्या ऑफिसातला. दार उघडलं तेव्हाच त्याच्या डोक्यावर टीमची टोपी होती. त्याच्या बायकोने, उल्काने, आईला वाकून नमस्कार केला आणि हात धरून तिला सरळ स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर भलं मोठं पातेलं होतं.

“काकू, चण्याची डाळ शिजवून उपसून ठेवलीय. कट बाजूला काढलाय. गूळ हा इथे. जायफळ आहे, वेलची आहे. आता तुम्ही म्हणाल तसं!”

आई वळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

परक्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या चुलीचा ताबा घेऊ का, असं ती विचारतेय असं मला वाटलं. उल्काचं आणि तिचं आधी फोनवर बोलणं झालं असणार, असं मी धरून चालले. मी मान हलवली. कर की, अशी.

आईने पदर खोचला.

“आई, तुम्ही आज आराम करा,” मुकुंद दारातून म्हणाला. “प्रवास झालाय. त्यात हे मैदान मोठं, जिने फार. तुमचा गुडघा... पुढची मॅच नक्की.”

“आणि आईचं तिकीट?” मी विचारलं.

“ते वाया नाही जाणार,” धनंजय टोपी सारखी करत म्हणाला.

मी राहते म्हणाले, तर आईनेच मला बाहेर काढलं. “तू जा. नीट बघून ये. ह्या दोघांपेक्षा तू बरोबर सांगशील.”

मी गेले. पायाखाली सांडलेली बिअर वाळून चिकट झाली होती. पाऊल उचललं की बूट जमिनीपासून सुटताना चर्र आवाज होई. धनंजय आईच्या खुर्चीत बसला होता. शेंगदाणे दाताने फोडून टरफलं तो माझ्या पावलांवर थुंकत होता. मिशीला पिवळी मोहरीची पेस्ट लागली होती.

“आणखी काही घेणार?” मुकुंदने विचारलं.

“छे! पोट राखून ठेवलंय,” धनंजय म्हणाला आणि दोघं हसले.

परत आलो तेव्हा टिपणीसांकडे आणखी दोन कुटुंबं आलेली होती. आई तव्यासमोर उभी होती. उल्का पोळ्या पानांत वाढत होती आणि प्रत्येक पोळीबरोबर “काकूंच्या हाताला काय चव आहे ना!” म्हणत होती. मुकुंदने पोळीवर तुपाची वाटी उपडी केली. तूप त्याच्या बोटांवरून मनगटापर्यंत गेलं, घड्याळाच्या पट्ट्याखाली शिरलं. त्याने पट्टा वर सरकवून मनगट चाटलं.

“काय झालं मॅचचं?” आईने मला विचारलं. तिच्या कपाळावर पीठ होतं.

मी सांगायला लागले, तेवढ्यात उल्काने हाक मारली, “काकू, आणखी दोन गरम गरम!”

*

डेट्रॉइटला उतरलो त्या घरीही डाळ शिजलेली होती. ह्या वेळी माणसंही जास्त होती. तिथल्या यजमानीणबाई एका हाताने फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने आईला डबे दाखवत होत्या. “अगं, ये ना तूही, पोळ्या आहेत! हो, हो, खऱ्या, विकतच्या नाहीत!”

आईचं तिकीट ह्या वेळी त्यांच्या नवऱ्याला मिळालं. आईला विचारलंच नाही कुणी.

मी गेले नाही. पोळ्या लाटायला आईशेजारी उभी राहिले. आई यंत्राचा दांडा फिरवत होती. चार फेऱ्या झाल्या की थांबायची, मनगट चोळायची, पुन्हा फिरवायची.

“मी फिरवते.”

“नको. तुला पुरण जमायचं नाही, वर येतं.” मग थोड्या वेळाने ती म्हणाली, “मलाही कुठे जमत होतं. नोकरीत होते तोवर आपल्याकडे होळीच्या पोळ्या लाटकरकाकूंकडून यायच्या. आठवतं?”

“मग शिकलीस कधी?”

“तुझं लग्न ठरल्यावर. जावई आले तर लाटकरकाकूंच्या पोळ्या वाढायच्या का? काकू हसल्या मला. म्हणाल्या, आता पन्नाशीत?” आई पुरणात बघत होती. “मला मुळात आवडत नाही हा पदार्थ. गोड मिट्ट.”

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं माझी समजूत होती की आईला पुरणपोळी आवडते.

मुकुंद परत आला तो खुशीत. त्याच्या हातात एक बारकंसं प्लॅस्टिकचं हेल्मेट होतं, बॅटर घालतात तसं, पण वाटीएवढं. मैदानात त्यात आइस्क्रीम भरून देतात.

“आई, हे तुमच्यासाठी! आठवण!”

आईने ते हातात घेतलं. आत आइस्क्रीम वाळून तपकिरी कडा धरली होती आणि चमच्याने खरवडल्याच्या रेघा होत्या. एक केस चिकटला होता. मुकुंदचाच असणार, किंवा यजमानांचा.

“छान आहे,” आई म्हणाली आणि तिने ते नळाखाली धरलं. बराच वेळ धरलं. मग पुसून पर्समध्ये टाकलं.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पोट बिघडलं असेल असं समजून मी एक गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी सिनसिनाटीच्या वाटेवर आई मागच्या सीटवर होती. मनगटाला रुमाल बांधलेला. “मुकुंदराव, ही मॅच तरी बघायची हं,” ती म्हणाली.

“नक्की, आई! आणि जागाही अशा आहेत म्हणता, पहिल्या बेसच्या बरोब्बर मागे. फेकलेला चेंडू दिसेल, टाके मोजता येतील त्याचे!”

आरशात मला आईचा चेहरा दिसला. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि हसत होती.

*

भालेरावांचं घर सिनसिनाटीच्या उत्तरेला, हायवेला लागूनच होतं. आम्ही संध्याकाळी पोचलो, जेवलो, झोपलो. त्या रात्री कुणी आईला काही करायला सांगितलं नाही. मला बरं वाटलं.

सकाळी नीला भालेराव म्हणाली, “काकू, चला, तुमचं साम्राज्य दाखवते.”

साम्राज्य गॅरेजमध्ये होतं. घरात फोडणीचा वास भरू नये म्हणून आपले लोक गॅरेजमध्ये दुसरी शेगडी ठेवतात, तशी तिथे दोन होत्या. एका बाजूला गवत कापायचं यंत्र, पेट्रोलचा कॅन, कुत्र्याचं रिकामं पिंजऱ्यासारखं घर. दुसऱ्या बाजूला घडीची टेबलं, त्यांवर मैद्याच्या पिशव्या, गुळाच्या ढेपा, तुपाचे डबे. आणि लग्नघरात असतात तसली तीन पातेली. झाकण काढलं तर तिन्हींत चण्याची डाळ. ऑगस्टचा उकाडा, पेट्रोलचा वास आणि त्यात शिजलेल्या डाळीची गरम वाफ.

आमचं पुरणयंत्र टेबलाला कसून लावलेलं होतं. डिकीतून कुणी तरी ते आणून ठेवलं होतं.

“एवढी कशाला डाळ?” आईने विचारलं.

“काकू, पन्नास माणूस आहे संध्याकाळी! मंडळाचं श्रावणी संमेलन. खरं मागच्याच आठवड्यात होतं, पण मुकुंद म्हणाले, सासूबाईंना घेऊन मी अमुक दिवशी येतो, पन्नास म्हटलं तरी त्यांना काही नाही, तेव्हा तारीख पुढे ढकला. ढकलली!” नीला हौशी बाई होती. तिच्या बोलण्यात कपट नव्हतं. आणि म्हणूनच ती थांबली नाही. “आणि आमचे हे म्हणाले, एवढ्या पोळ्या मिळणार तर आपणही काही करायला हवं. ह्यांच्या कंपनीची चार तिकिटं असतात, पहिल्या बेसमागची. एरवी ती मोठ्या गिऱ्हाइकांना देतात. मुकुंदना ती दिली. हे, मुकुंद आणि ह्यांचे दोन मित्र निघतील आता तासाभरात. म्हटलं, मग बायकांचंच राज्य!”

नीलाला घरातून कुणी हाक मारली. ती गेली.

पिवळी रेघ एकदम खाली का आली होती ते मला कळलं. ती मैदानावरून मैदानावर जात नव्हती. ती स्वयंपाकघरावरून स्वयंपाकघरावर जात होती. माझ्या तोंडात आंबूस पाणी आलं, नासलेल्या दुधाने कधी आलं नव्हतं तसं.

आई खुर्चीवर बसली होती. रुमाल सोडून ती मनगट चोळत होती.

“विनू, एक विचारू? रागावू नकोस,” ती म्हणाली. “हे यंत्र बरोबर घ्यायचंच होतं, तर मला आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. मनाची तयारी तरी केली असती.”

“मी?”

“तूच ठेवलंस ना डिकीत?”

“मी नाही ठेवलं. मला वाटलं, तू ठेवलंस. तुझ्या साडीत गुंडाळलेलं होतं.”

“ती साडी तुमच्या कपाटात होती. फरशी पुसायला काढली होती मी.”

आम्ही दोघीही यंत्राकडे बघत राहिलो. त्याच्या भोकांत डेट्रॉइटचं पुरण वाळून काळं पडलं होतं. कुणी ते धुतलंही नव्हतं.

“म्हणजे तुला माहीत नव्हतं,” आई म्हणाली. प्रश्न नव्हता तो. तिचा चेहरा एकदम सैल झाला; ताप उतरल्यावर होतो तसा. “मला वाटत होतं, तुमचं दोघांचं ठरलंय. मुलीच्या संसारात कसं बोलायचं? त्यातून जावई. तुझी काही अडचण असेल म्हटलं.”

“आई, तू उठ.”

ती उठली. दोन्ही शेगड्या एकेक करून बंद केल्या, पातेल्यांवर झाकणं ठेवली. तिला अर्धवट काम उघडं टाकवत नाही. मग पदराला हात पुसत म्हणाली, “मॅच किती वाजता आहे गं?”

*

मुकुंद दिवाणखान्यात टीमचा इस्त्री केलेला लाल शर्ट घालून उभा होता. भालेराव आणि त्यांचे मित्र बुटांच्या नाड्या बांधत होते.

“आई मॅचला येतेय,” मी म्हणाले.

मुकुंदने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या आईकडे. पर्स खांद्याला, पायात चपला. तो काय विचारेल ह्याची मी वाट बघत होते. काय झालं, असं विचारू शकला असता. बरं वाटत नाहीये का, असंही. आई, तुमचा हात सुजलाय का, असंही चाललं असतं. त्या एका क्षणात मी त्याला पुष्कळ वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या.

“आणि पोळ्या?” त्याने विचारलं.

भालेराव चपापले. बिचारे खिशात हात घालून म्हणाले, “काकू, माझं तिकीट घ्या ना. मी काय, नेहमीच...”

“नको, भालेराव,” आई म्हणाली. “तिकीट आम्ही काढू. तुमच्या घरी मी दोन घास सुखाने खाल्ले काल. नीलाला सांगा, डाळ तिन्ही पातेल्यांत उतू न जाता छान शिजलीय.”

“विनया, हा काय तमाशा?” मुकुंद दात आवळून म्हणाला. “पन्नास माणसं येतायत! मी शब्द दिलाय!”

“यंत्र टेबलाला लावलेलं आहे,” मी म्हणाले. “दांडा उजवीकडे फिरवायचा. पुरण वर येतं, दाबून धरावं लागतं.”

आमच्या गाडीची किल्ली दाराजवळच्या खुंटीवर होती.

मैदानाच्या तिकीट-खिडकीवर आम्हाला सगळ्यात वरच्या मजल्यावरची तिकिटं मिळाली. आई कठड्याला धरून एक एक पायरी चढली. गुडघा दुखत असणार. वर पोचल्यावर ती उभी राहिली आणि कितीतरी वेळ खाली बघत राहिली.

“विनू, हे गवत खोटं आहे की गं!”

“हो. गालिचा आहे.”

“एवढं सगळं करून गवत मात्र खोटं!” ती हसायला लागली. खूप दिवसांनी अशी हसली.

ती खेळात बुडून गेली. फेकणारा पाय वर घेई तेव्हा ती श्वास धरी. “ह्याचा चेंडू खाली पडतोय बघ शेवटी. यॉर्करसारखा. मारणारा फसणार.” तो फसला. पलीकडच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या अमेरिकन जोडप्याला आईची भाषा कळत नव्हती, पण दर वेळी ती बोट वर करी तेव्हा ते कौतुकाने माना डोलावत. मी तिला आइस्क्रीम आणून दिलं. लाल हेल्मेटमध्ये, भरलेलं. तिने चमचा घातला तशी तिच्या नखांतली हळद मला दिसली. हातांना अजून जायफळाचा वास होता, आणि शेजारी कुणाच्या तरी हॉट डॉगमधल्या कांद्याचा.

पाचव्या इनिंगच्या आसपास ती म्हणाली, “ते बघ, मुकुंदराव.”

पहिल्या बेसमागे, खूप खाली, चार खुर्च्यांत चार माणसं होती. इतक्या उंचावरून चेहरे दिसत नव्हते, पण तो कडक लाल शर्ट मी ओळखला. मांडीवर कागदी ट्रे होता. तो ट्रेमधून उचलून खात होता, बोटं चाटत होता, पुन्हा उचलत होता. नीलाला तीन पातेल्यांपाशी सोडून तो आला होता. त्याने एकदाही मान वळवून वर पाहिलं नाही. आम्ही कुठे बसलो असू, हे शोधावंसं त्याला वाटलं नाही.

“दिसतो का गं तिथून चेंडू?” आईने विचारलं.

“दिसत असेल. टाकेसुद्धा.”

“इथूनही दिसतोय की,” ती म्हणाली.

शेवटपर्यंत बसलो. कोण जिंकलं ते आज मला आठवत नाही; आईला ती असेपर्यंत आठवत होतं.

ह्याला आता पंचवीसहून अधिक वर्षं झाली. मुकुंदची सगळी मैदानं पुढे बघून झाली, असं ऐकते. भिंतभर फोटो आहेत म्हणे. आमचं सामान वेगळं झालं तेव्हा त्याने तो नकाशा मागून घेतला. यंत्राबद्दल कुणी विचारलं नाही. ते अजून भालेरावांच्या गॅरेजमध्ये असेल.

पण त्या दिवशी, मैदानाबाहेर पडताना, मी काहीच ठरवलं नव्हतं. ऊन कलतं झालं होतं. आईची औषधं तिच्या पर्समध्ये होती, बाकी सगळं भालेरावांकडे. मी उत्तरेकडच्या हायवेला लागले. त्याच रस्त्यावर आधी भालेरावांची एक्झिट होती आणि पुढे, दीड-दोन तासांवर, आमचं कोलंबस. परत जावं, सामान घ्यावं, पन्नास माणसांदेखत काही बोलू नये, असंच मनात होतं. सवयच ती.

आईने जुनं हेल्मेट पर्समधून काढलं, डेट्रॉइटचं, आणि नवं त्यात बसवून बघत होती. बसेना.

“विनू,” ती म्हणाली, “पहिल्या दिवशी त्या उल्काकडे... डाळ तयार होती बघ.”

“हं.”

“मी वळून तुझ्याकडे बघितलं होतं. म्हटलं, तू नको म्हणालीस तर नाही करायचं. मी काही तरी सांगून वेळ मारून नेली असती. मनगट दुखतंय म्हटलं असतं.” तिने दोन्ही हेल्मेटं मांडीवर उपडी ठेवली. “तू मान हलवलीस.”

पुढे फलक दिसायला लागला. भालेरावांच्या एक्झिटचा. उजवीकडची लेन रिकामी होती.

मी इंडिकेटर दिला नाही. सरळ गेले.